रातव्याची मधली पानं

दुकानदार गठ्ठ्याची दोरी कापत होता. मान वर न करता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो म्हणाला, "रातव्याच्या मागच्या अंकाचे काही गठ्ठे परत मागवलेत. बांधणीत घोळ झालाय, मधली पानं मागेपुढे लागलीत. तुमचा बरा निघाला ना?" मी "हो" म्हणाले. का म्हणाले माहीत नाही. दातांचा डॉक्टर दुखतंय का विचारतो आणि आपण नाही म्हणतो, तसंच काहीतरी. हातात 'होकायंत्र' या कॉमिकचा कोरा अंक होता, शाईचा वास अजून न गेलेला. एरवी त्या वासाने माझा गुरुवार सुरू होतो, आज तो नकोसा झाला. मी तो अंक खाली ठेवला आणि 'रातवा'ची एक धड प्रत मागितली. "तुम्ही नेलीत की," तो म्हणाला. "अजून एक हवीय," म्हटलं. काउंटरला टेकून मी ती उघडली. रातवा, त्यातला नायक, आपल्या गच्चीवर बसलाय. हाक ऐकू येते. तो जळत्या इमारतीचा जिना चढतो, वर अडकलेल्या म्हातारीला दोराने खाली सोडतो आणि स्वतः पडतो. मग इस्पितळाची खाट, मग कुबड्या, मग एक दिवस स्वतःच्या पायांवर उभा, आणि शेवटच्या पानावर खिडकी. सगळं जिथल्या तिथे, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखं. इतकी सरळ गोष्ट की मी तिच्यावर चार ओळींच्या वर काही लिहिलं नसतं. आणि मी लिहिलं होतं अर्धं पान.

माझ्या प्रतीत रातवा आधी पडला होता. गच्चीवर बसलेला माणूस पान उलटताच खाली पडत असतो, का ते कळत नाही. मग तो जिना चढताना दिसतो, धुरातून, आणि त्यानंतर हाक. हाकेच्या थेट समोरच्या पानावर तो उभा राहतो, मग कुबड्या, मग खाट, मग खिडकी. हे अंक म्हणजे तरी काय, मोठे कागद एकात एक घालून दुमडायचे आणि मधोमध दोन पिना मारायच्या. कागद घालताना कुणाचा हात चुकला तर पुढच्या अर्ध्यात जे चुकतं तेच मागच्या अर्ध्यातही चुकतं, त्यामुळे चुकीलाही एक शिस्त येते. पानांना आकडे नाहीत, चित्रं पार कडेपर्यंत जातात. आणि त्याआधीच्या अंकात रातव्याचा आवाज गेलेला, त्यामुळे या अंकात बोलणं जवळजवळ नाहीच. म्हणजे मला पकडायला काहीही नव्हतं. साध्या वाचकाने प्रत फिरवून पाहिली असती आणि दुकानात जाऊन बदलून आणली असती. माझ्यासारखीला, गेली कित्येक वर्षं दर शुक्रवारी पुरवणीत 'नवे अंक' हे सदर लिहिणारीला, चूक समोर आली की आधी तिच्यात अर्थ दिसतो. 'काळाच्या क्रमाला दिलेलं हे शांत आव्हान,' असं मी लिहिलं होतं. शीर्षक होतं, 'आधी पडणं, मग कळणं'. रस्त्यावरून चालताना ते शब्द आठवले आणि मला हसू फुटलं. समोरून येणाऱ्या बाईला वाटलं मी तिलाच हसतेय, तीही हसली. बरं वाटलं. पण ते हसू कोपऱ्यापर्यंतच टिकलं, कारण तिथे मला आठवलं की शीर्षक माझं नव्हतं. ते आईंचं होतं.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. मोठ्या इस्पितळात हेड नर्स होत्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझ्याबरोबर दोन ट्रंका होत्या, एकीत कपडे आणि दुसरीत, वर चादरींचा थर देऊन, माझी सगळी कॉमिक्स. माझ्या माहेरी त्यांना 'ते तुझं कागदी खूळ' म्हणत आणि लग्नानंतर ते जाईल अशी सगळ्यांना आशा होती. नवऱ्याला मी सांगितलं होतं, सासूला नाही. एका दुपारी ऑफिसातून लवकर आले तर आई ड्यूटीवरून येऊन खुर्चीत बसलेल्या, पाय गरम पाण्याच्या बादलीत, चादर शोधताना ट्रंक उघडलेली आणि हातात 'लोहचुंबकी'चा अंक. मी दारातच उभी राहिले. लग्न ठरल्यापासून या प्रसंगासाठी मी मनात किती वाक्यं जुळवून ठेवली होती. आईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हिच्या खांद्याला गोळी लागली ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "हो." "मग पुढच्याच पानावर त्याच हाताने ट्रक कशी उचलते? निदान हात तरी बदलायचा." मी म्हटलं, "पुढच्या अंकात टाके दाखवलेत." त्यांनी हात पुढे केला. "दाखव." बादलीतलं पाणी गार होईपर्यंत आम्ही तिघी तिथे होतो, त्या, मी आणि लोहचुंबकी, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे घर माझं आहे.

तेव्हापासून गुरुवार आमचा. नवरा त्या दिवशी जेवण स्वतः वाढून घ्यायचा आणि म्हणायचा, "दोन्ही डॉक्टरीणबाई राउंडला गेल्यात." ते खरंच होतं. अंक कसा वाचायचा हे मला आईंनी शिकवलं. मी आपली फुग्यांतलं बोलणं आधी वाचायची, सगळे वाचतात तसं, चित्रं जाता जाता. आईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या हातातून अंक घेतला. "पेशंट काय सांगतो ते नंतर," म्हणाल्या. "पेशंट काहीही सांगतो. आधी बघ. कसा झोपलाय, पाय कुठे दुमडलाय, डोळे कुणाकडे लागलेत. मग विचार." तेव्हापासून प्रत्येक अंकाची एक फेरी मुकी, एक बोलकी. मुक्या फेरीत एकही अक्षर वाचायचं नाही, फुग्यांवर नजर गेली तरी जायला द्यायची नाही. किती चित्रकारांची चोरी त्या फेरीत सापडली, तोंडाने शूर आणि पायाने पळणारे किती नायक. आणि फेऱ्या झाल्या की निकाल. फार आवडला तर 'डिस्चार्ज'. बरा असेल तर 'अजून दोन दिवस ठेवा'. वाईट असेल तर आई अंक मिटायच्या, चष्मा काढायच्या आणि गंभीर आवाजात म्हणायच्या, "नातेवाइकांना बोलावून घ्या." हसून हसून माझे डोळे भरायचे. एकदा त्याच म्हणाल्या, "हे सगळं माझ्यापाशी बोलतेस ते लिही की कुठेतरी. माझं डोकं तरी सुटेल." मी लिहिलं, पाठवलं, ते छापून आलं, आणि हळूहळू ऑफिसची नोकरी सुटून वर्तमानपत्राच्या कचेरीत हेच माझं काम झालं. वाचक अजून पत्रात विचारतात, 'या वेळी डिस्चार्ज कुणाला?' मला जे काम मिळालं, जो आनंद मिळाला, दर आठवड्याला कशाची तरी वाट बघण्याचं जे सुख मिळालं, ते त्या बादलीपाशी मिळालं. हे मी आईंना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी थर्मामीटर आणला असता.

मग आई पडल्या. बाथरूमच्या दाराशी, सकाळी, साबणाची वडी हातात. शुद्धीत होत्या, डोळे उघडे, आणि मला बघून त्या स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "चमचा." डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त पोचलं नाही, म्हणून उजवा हात गेला आणि शब्दांच्या कपाटातले कप्पे एकमेकांत मिसळले. शब्द आहेत, पण जो हवा तो हाताला लागत नाही. माझ्या नवऱ्याला त्या काही दिवस 'टॉवेल' म्हणायच्या आणि तो ओ द्यायचा. पुढे शब्द थोडे परत आले, चालणं आलं, डाव्या हाताने जेवणं आलं. पण स्पीच थेरपिस्ट येते, तिच्याकडे चित्रांची कार्डं असतात. किटलीतून चहा ओतणारा हात, भरलेला कप, पिणारा माणूस, रिकामा कप. ती कार्डं विस्कटून द्यायची आणि आईंनी क्रमाने लावायची. आई दर वेळी रिकामा कप आधी ठेवतात. दर वेळी. थेरपिस्ट चांगली मुलगी आहे, ती म्हणते, "छान, आता परत बघूया का?" आणि आई तिच्याकडे अशा बघतात, जणू नवीन नर्सने चुकीचा हात धरलाय. रिपोर्टात मात्र लिहिलं गेलं, 'क्रम लागत नाही'. माझ्या नणंदेने ते वाचलं. ती वाईट नाही, दूर राहते आणि दूरचं माणूस घाबरतं. ती फोनवर म्हणाली, "अगं, आधी गॅस आणि मग काडी, हे जिला कळत नाही तिला घरात एकटीला ठेवायचं? तुम्ही दोघं कामावर. मी एक जागा बघितलीय, स्वच्छ आहे, चोवीस तास माणसं आहेत." नवरा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा त्याचं अर्धं मत झालेलं असतं.

मी बोलले. मी म्हटलं, "त्यांना कळतं." तो म्हणाला, "तुला वाटतं. मलाही वाटतं. पण कशावरून?" आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. आजारानंतर गुरुवार मी सोडला नव्हता. अंक घेऊन आईंच्या डाव्या हाताशी बसायची आणि मुकी फेरी करायची, बोलकी आता जमण्यातली नव्हती. आई बघायच्या. कधी एखाद्या चित्रावर बोट, कधी नाकाने एक हुंकार. निकाल नाही. मी सदर एकटीने लिहीत होते आणि ते वाचताना मलाच पोरकं वाटायचं. वाचकांना फरक कळला नाही, हे त्याहून वाईट. आणि मग गेल्या गुरुवारी मी 'रातवा'चा अंक आणला.

तो संध्याकाळचा उजेड मला अजून दिसतो, टेबलाच्या कडेपर्यंत येऊन थांबलेला. आईंनी पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि माझा हात दाबून मला थांबवलं. असं त्यांनी आजारानंतर कधी केलं नव्हतं. पडणारा रातवा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग पान उलटायची खूण केली. जिना. मग हाक. आणि जिथे हाकेसमोर तो उभा आहे त्या मधल्या पानांवर त्यांनी डावा तळवा पसरून ठेवला आणि रडू लागल्या. आवाज नाही, नुसतं पाणी. मी घाबरले. त्यांनी मान हलवली, घाबरू नको अशी, आणि एकेक शब्द अंधारात जिना उतरावा तसा चाचपत म्हणाल्या, "आधी... पडतं. मग... कळतं." दोन वाक्यं. क्रियापदांसकट. बाथरूमच्या दारात पडलेलं माणूस दुसरं काय सांगेल. आपण काय उचलायला निघालो होतो, कुणासाठी चढत होतो, हाक कुणाची होती, हे सगळं त्यांना खाटेवर पडून मागाहून एकेक करून आठवावं लागलं होतं आणि कुठल्यातरी चित्रकाराला ते समजलं होतं. मला असं वाटलं की जगात कुणीतरी फक्त त्यांच्यासाठी हा अंक काढलाय. त्यानंतर बराच वेळ त्या मधल्या पिनांवर नखाने खरडत राहिल्या. बोटं अशी आपोआप हलतील असं डॉक्टर म्हणालेच होते, म्हणून मी त्यांचा हात हळूच बाजूला घेतला आणि पुसला. त्याच रात्री नवऱ्याला मी अंक दाखवला आणि ती वाक्यं सांगितली. "ह्यावरून," म्हटलं. त्याने अंक वाचला, माझं लिहिलेलं वाचलं, आणि बहिणीला फोन करून सांगितलं की घाई नको, तू या नाही, पुढच्या रविवारी ये, बसून बोलू.

म्हणजे आईंच्या बाजूने माझ्याकडे जो एकमेव साक्षीदार होता तो खोटा निघाला होता. कोपऱ्यावर थांबले ती याच्यासाठी. कुठल्याशा छापखान्यात कुणीतरी कंटाळलेला माणूस कागद एकात एक घालताना गप्पा मारत असेल, आणि त्याच्या चुकीत जिचा क्रम बिघडलाय अशा बाईला क्रम दिसला, आणि जिचा धंदाच अर्थ लावण्याचा आहे अशा बाईने त्याला अर्थ लावला. दोघींनी मिळून ढगात घोडा बघितला होता. नणंद ऐकेल तेव्हा ती हसणार नाही, ती फक्त हळू आवाजात म्हणेल, 'बघ, मी म्हणत होते ते हेच.' आणि तिला मी काय सांगणार? रिकामा कप आधी ठेवणाऱ्या बाईला उलटा अंक आवडला, यात आश्चर्य ते काय. पिशवीत दोन अंक होते, 'होकायंत्र'चा नवा आणि 'रातवा'चा धड, आणि मला तो धड अंक जड लागत होता. एक विचार असाही आला की कुणाला सांगूच नये. प्रत आमच्या घरात, दुकानदाराला मी हो म्हटलेलंच आहे. तेवढ्यात फोन वाजला.

पुरवणीचा संपादक होता. भला माणूस, पण त्याला गंमत लपवता येत नाही. "अहो, तुमच्या त्या शांत आव्हानाबद्दल बरेच लोक विचारतायत," तो म्हणाला. "विचारतायत, कुठल्या पानावर आहे? आमच्या प्रतीत तर तो आधी चढतो." मी म्हटलं, "माझ्या प्रतीची बांधणी चुकली होती." तिकडे तो मनसोक्त हसला, आणि खरं सांगायचं तर मीही. हसून झाल्यावर तो म्हणाला, "आपल्या धंद्यात हे व्हायचंच. चार ओळींची दुरुस्ती द्या आज रात्रीच, उद्याच्या पुरवणीत जाईल. मनाला लावून घेऊ नका." मी मनाला लावून घेतलं नाही. माझं हसं झालं तर झालं, त्यात माझं काय जातं. पण दुरुस्ती छापली की ती घरातही वाचली जाणार, फोनच्या पलीकडेही वाचली जाणार, आणि तिच्यात एक ओळ न लिहिताही छापली जाणार होती, की त्या संध्याकाळी आईंना काहीही कळलेलं नव्हतं. आणि ते खरं आहे की नाही, हे मला सांगता येत नव्हतं. मी घराच्या पायऱ्या चढत होते आणि माझ्या लक्षात आलं की मला नवऱ्याला जिंकायचं नाही, नणंदेलाही नाही. मला फक्त जाणून घ्यायचंय की त्या गुरुवारी माझ्या शेजारी कोण बसलं होतं.

नवरा घरी आला होता, आईंना चहा देत होता. मी चपला काढायच्या आधी त्याला सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, कारण बसले असते तर सांगणं लांबलं असतं. तो कप हातात धरून ऐकत राहिला. "म्हणजे ती गोष्ट तशी नाहीच," तो म्हणाला. मी म्हटलं, "नाही." "आणि आईला ती तशीच आवडली." मी म्हटलं, "हो." त्याने कप खाली ठेवला आणि खिडकीकडे बघत म्हणाला, "मला वाटत होतं, सुटलो." त्याच्या आवाजात माझ्यावरचा राग नव्हता, त्यामुळे मला जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, "तू बस. आजचा राउंड तूही बघ." तो बसला. आई टेबलाशी होत्या, डावा हात टेबलावर, गुरुवार त्यांना कळतो. मी आधी 'होकायंत्र' पुढे केला नाही. 'रातवा'च्या दोन्ही प्रती शेजारीशेजारी ठेवल्या. मुखपृष्ठ एकच, रातव्याची पाठ आणि शहर. मी म्हटलं, "आई, ही प्रत आपण गेल्या आठवड्यात बघितली. ही आज आणली. बघा." याहून जास्त काही बोलले नाही. पेशंट काय सांगतो ते नंतर.

आईंनी आधी धड प्रत बघितली. पान पान, घाई नाही. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि नवरा माझ्याकडे. हाक, जिना, पडणं. खाट, कुबड्या, उभा राहणं. खिडकी. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. अंक मिटून त्यांनी बाजूला सारला. मग त्यांनी आपली जुनी प्रत ओढून घेतली, मधोमध उघडली आणि पुन्हा नखाने पिना खरडायला लागल्या. नवऱ्याने मान खाली घातली. मी सवयीने त्यांचा हात बाजूला घ्यायला माझा पुढे केला, आणि आईंनी माझ्या हातावर चापटी मारली. हळू नाही, चांगली लागली. नवीन नर्सने चुकीचा हात धरला की बसायची तशी. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या पिनांकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा पिनांकडे, आणि इतकी वर्षं जी एकच गोष्ट त्यांनी मला शिकवली ती मी त्यांच्याच बाबतीत विसरले होते, की आधी बघायचं असतं. मी विचारलं, "काढू?" त्यांनी मान डोलावली. मी स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि पिनांचे पाय टोकाने उचलले.

कागद सुटे झाले. आईंनी उजव्या हाताचा मनगटाकडचा भाग वजनासारखा ठेवून एक कागद दाबून धरला आणि डाव्या हाताने बाकीचे ओढले. सगळ्यात बाहेरचा, गच्ची आणि खिडकीचा, तसाच राहू दिला. मग त्यांनी आतल्यांतला सगळ्यात आतला उचलला, हाकेचा, आणि तो बाहेरच्यात घातला. त्याच्या आत जिन्याचा. त्याच्या आत पडण्याचा. एकदा कागद निसटून खाली पडला, नवरा उचलायला वाकला, त्यांनी डोळ्यांनीच त्याला जागेवर बसवलं आणि स्वतः वाकून उचलला. दुमड नीट केली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या, आणि पानं उलटून दाखवली, मला नाही, त्याला. हाक, जिना, पडणं. खाट, कुबड्या, उभा. धड प्रत बाजूला मिटलेली पडली होती, त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांना ती लागली नाही. गेल्या गुरुवारीच त्यांना दिसलं होतं, बघता बघता, रडण्याच्याही आधी कदाचित, आणि त्या मला पिना दाखवून सांगत होत्या आणि मी त्यांची बोटं पुसत होते. नवरा उठून उभा राहिला. "आई, म्हणजे तुला ठाऊक होतं?" तो म्हणाला. आईंनी त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टॉवेल." या वेळी त्या त्याला चिडवत होत्या. तो हसला आणि त्याच हसण्यात त्याने तोंड फिरवलं आणि डोळ्यांवरून हात फिरवला.

मला वाटलं संपलं. माझ्यापुरतं संपलंच होतं, मी इतकी हलकी झाले होते की खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते, आणि त्या छापखान्यातल्या गप्पिष्ट माणसाचे, त्या परत मागवलेल्या गठ्ठ्यांचे आणि त्या चापटीचेसुद्धा आभार मानत होते. पण आईंचा राउंड संपला नव्हता. त्यांनी नीट लावलेल्या कागदांवर बोट ठेवलं. ओठ हलले, शब्द शोधायला गेले, रिकामे परत आले, पुन्हा गेले. "बरोबर," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "हो आई, बरोबर लावलंत." त्यांनी वैतागून मान हलवली. मी पुन्हा मधेच बोलले होते. त्यांनी ते कागद पुन्हा सुटे केले आणि पुन्हा, तितक्याच सावकाश, उलटे घातले. पडणं बाहेर, जिना त्याच्या आत, हाक सगळ्यात आत. मधोमध उघडून तिथे तळवा ठेवला, जिथे डावीकडे कुणीतरी हाक मारतंय आणि उजवीकडे तो उभा राहतोय, आणि मधे काही नाही, खाट नाही, कुबड्या नाहीत. "हे," त्या म्हणाल्या. मग इतका वेळ गेला की नवरा पुन्हा खाली बसला. बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. मी शब्द पुरवला नाही, जीभ दातांखाली धरून बसले. "हे... चांगलं."

ते ऐकलं आणि मला वाटलं की आपण इतकी वर्षं हाच फरक सांगायला बसतो आहोत. बरोबर कुठलं ते कुणीही पिना काढून दाखवेल, थेरपिस्टची कार्डंही दाखवतील, पण चांगलं कुठलं ते म्हणायला आत माणूस लागतं. तिच्या कार्डांतला रिकामा कप मला आठवला. मी विचारलं, "आई, त्या कार्डांत तुम्ही रिकामा कप आधी का ठेवता?" त्यांनी टेबलावरच्या त्यांच्या चहाच्या कपाकडे पाहिलं, तो अजून भरलेला होता आणि गार झाला होता, आणि कंटाळल्यासारखा चेहरा केला. कदाचित त्यांना ती गोष्ट तशी जास्त आवडते. कदाचित क्रम खरंच चुकतो. दोन्ही असेल. गॅस आणि काडीचं आम्हाला बघावं लागेल, दुपारी कुणीतरी सोबतीला ठेवावं लागेल, आणि नवऱ्याने हे मोठ्याने म्हटलंही, "रविवारी ताईला सांगतो, आई इथेच राहील. दुपारचं काय करायचं तेवढं बोलू." माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "तिला सगळं कळतं म्हणायचं ना?" मी म्हटलं, "सगळं तुला तरी कुठे कळतं? आपल्याला कळतं तेवढं कळतं." आई यावर हुंकारल्या, आणि तो हुंकार मला ओळखीचा होता, 'अजून दोन दिवस ठेवा' म्हणायच्या आधी यायचा तो.

मी तिथेच टेबलावर दुरुस्ती लिहिली. 'मागच्या शुक्रवारी ज्या अंकाबद्दल मी लिहिलं त्याची माझी प्रत चुकीची बांधली गेली होती. बरोबर अंक दुकानात मिळतो, तो बरा आहे. चांगला अंक आमच्या घरी आहे. हे मत माझं एकटीचं नाही, माझ्या सासूबाईंचं आहे, पहिल्या दिवसापासून.' संपादक शेवटची ओळ कापेल असं वाटलं आणि कापली तर भांडायचं असंही ठरवलं. आईंना वाचून दाखवली तेव्हा त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या दोन पिना डाव्या हाताच्या चिमटीत धरून माझी वाट बघत होत्या. मी कागद दुमडीवर धरले, त्यांनी पिना जुन्या भोकांत घातल्या, पहिली लगेच, दुसरी जरा शोधून, आणि मी चमच्याच्या पाठीने त्यांचे पाय दाबून बसवले, अंक जसा होता तसा.